लाल-निळी पेन्सिल आणि परदेशी आरमार

इमारतीच्या नकाशाला उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. मूळ नकाशात कधी, काय आणि का बदललं, ते त्या चौकटीत एकाखाली एक लिहायचं. ही गोष्ट सरळ सांगायला गेलो की मी तिच्यात हमखास चांगला दिसतो. म्हणून ती चौकटीतच भरतो आहे.

मूळ नकाशा

सिंगापुरातल्या एका परदेशी नाविक तळाचं जुनं भोजनगृह मी एकट्यानं अत्याधुनिक केलं! देश कोणता ते विचारू नका, मी कागदावर सही करून बसलोय. साल २०१४. बुकित बातोकच्या आमच्या छोट्याशा कंपनीत एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं आणि आमच्या बॉस मिस लिम यांनी ते डोळे झाकून मला दिलं. मी असा काही नकाशा काढला की बस! सगळीकडे काच. सगळीकडे स्टील. खलाशी एका दारानं आत येणार, ताट उचलणार, जेवणार आणि बाराव्या मिनिटाला दुसऱ्या दारानं बाहेर पडणार. पिठाच्या गिरणीतून गहू जातो तसा!

सुधारणा १ : मूळ नकाशातला ‘एकट्यानं’ हा शब्द तपासावा

त्या महिन्यात बाबा आमच्याकडे मरीन परेडला आले होते. बाबा म्हणजे हेमचंद्र दामले, सार्वजनिक बांधकाम खात्यातले निवृत्त उपअभियंता, सातारा. चौतीस वर्षं त्यांनी दवाखाने, शाळा आणि विश्रामगृहं बांधली. बुशशर्टाच्या खिशात अजून ती पेन्सिल असायची. एक टोक लाल, एक निळं. चूक दिसली की लाल, पसंत पडलं की निळं. माझ्या बायकोनं, वल्लरीनं केलेली वाणसामानाची यादीसुद्धा तिच्यातून सुटायची नाही.

बाबांना सिंगापूर तीन दिवसांत पाहून झालं. चौथ्या दिवसापासून ते गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या पन्हळी मोजू लागले.

मला दया आली. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. मी नकाशा गुंडाळून घरी आणला.

वाचकहो, इथे थांबा! तळाचा नकाशा ऑफिसबाहेर नेणं हा गुन्हा. सापडलो तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहायचा परवाना जाणार आणि पासाबरोबर आम्ही तिघं, लेकीच्या, इराच्या शाळेसकट, पहिल्या विमानानं परत. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी आणला.

बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

“जेवल्यावर बसतात कुठे?” त्यांनी विचारलं.

“बसत नाहीत, बाबा. आरमार आहे ते!”

“मग आरमाराला पाठ नसते का?”

मी हसलो आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बाबांनी नकाशा सुबक गुंडाळून ठेवला होता. ‘कसा वाटला?’ असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन नकाशा न उलगडताच ड्राफ्ट्समनच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कामासाठी तुआसला निघून गेलो. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की बसमध्ये शीळ घालत होतो!

सुधारणा २ : मिस्टर कोह

मिस्टर कोह आमचे ड्राफ्ट्समन. बासष्ट वर्षांचे, मितभाषी, घड्याळासारखे. त्यांचा धर्म एकच होता : कागदावर लाल दिसलं की ते पक्क्या नकाशात चढवायचं. का, कशाला, कोणी, असले प्रश्न ते विचारत नसत. आमच्या ऑफिसात लाल रंगाचा अर्थच तो.

मी दोन दिवस तुआसला. परतलो तो थेट सादरीकरणाच्या खोलीत. एका बाजूला मिस लिम, समोर पांढऱ्या गणवेशात तळाचे कमांडर. पडद्यावर माझं भोजनगृह उमटलं.

म्हणजे माझं नव्हे!

दाराबाहेर हात धुवायला बेसिनांची रांग. आत शिरताच टोप्या अडकवायला खुंट्या. धूर जेवणाऱ्यांच्या तोंडावर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उलट्या बाजूला. दर्शनी भिंतीलगत बारा मीटर लांब कट्टा! कट्ट्यावर मीटरभर रुंद छज्जा! आणि कट्ट्याच्या वर, कोऱ्या भिंतीवर, उठावात कोरलेली, माणूसभर उंचीची, शेपूट उडवलेली...



बाबांची सही! खालची दुहेरी रेघसुद्धा!

खात्यातली सवय. नकाशा तपासला की त्यावर सही ठोकायची. बाबांनी ती मोकळी जागा पाहून दर्शनी भिंतीवर ठोकली, लाल रंगात. आणि मिस्टर कोहनी ती इमानेइतबारे भिंतीत चढवली होती.

“हे काय आहे?” कमांडरांनी बोट दाखवलं.

“लाटा,” मी म्हणालो. “समुद्राच्या.”

“आणि हा कट्टा?”

“तो... तो बसायला...”

“चार वर्षं!” कमांडर उठून उभेच राहिले. “चार वर्षं मी सांगतोय, माझ्या पोरांना जेवल्यावर दोन घटका टेकायला जागा द्या. प्रत्येक जण काच दाखवतो! टोप्या कुठे ठेवायच्या, हे तर आजवर एकानंही विचारलं नाही. हे सुचलं कोणाला?”

मिस लिम माझ्याकडे पाहत होत्या. कोह स्वतःच्या बुटांकडे. नकाशा घरी नेला, हे सांगता येत नव्हतं. पण ‘एका अनुभवी माणसाचा सल्ला घेतला’ एवढं तर म्हणता आलं असतं!

“मला,” मी म्हणालो.

टाळ्या वाजल्या.

सुधारणा ३ : मी काय बोललो

घरी पोचलो. बाबा दारातच.

“काय म्हणाले साहेब?”

दोन दिवस ते वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. आणि एखाद्याची टोपी चोरून आपण घातलेली असली की त्याच्यावर जसा राग येतो, तसा मला आला.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्यावर लिहायला? हे तुमचं खातं नाही, बाबा! माझी नोकरी जायची वेळ आली!”

“सारंग!” वल्लरी आतून ओरडली.

“चुकलं,” बाबा म्हणाले. खिशातली पेन्सिल काढून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी मिटली. पुढे इरानं गणिताची वही दाखवली तर म्हणाले, “बाईंना विचार हो.”

नकाशा पसंत पडला, हे मी त्यांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. महिना संपला, ते साताऱ्याला गेले.

सुधारणा ४ : जी खरोखर माझी

सगळं बाबांचं कसं चालेल? माझंही काही हवंच ना! मी छज्जा खोडला. रेघ स्वच्छ दिसावी म्हणून. आणि कट्ट्याला काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट लावला.

या सुधारणेबद्दल तूर्त एवढंच.

सुधारणा ५ : उद्घाटन

भोजनगृह ऑक्टोबरातच सुरू झालं होतं, रीतसर उद्घाटन २०१५च्या डिसेंबरात झालं. कुटुंबाला घेऊन यायचं निमंत्रण होतं. बाबा तेव्हा दुसऱ्यांदा आमच्याकडे आले होते. त्यांनी आदल्या दिवशीच बुशशर्टाला इस्त्री करून ठेवली.

“बाबा, व्हिजिट पासवाल्यांना आत सोडत नाहीत,” मी म्हणालो.

तसा कसलाही नियम नव्हता. पण कमांडर कौतुक करणार आणि बाबा ऐकणार, या विचारानं मला आठवडाभर अन्न गेलं नव्हतं.

“बरोबर आहे. लष्करी जागा,” बाबा म्हणाले आणि शर्ट परत कपाटात अडकवला.

वल्लरी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दर्शनी भिंतीसमोर फोटो काढायला परवानगी होती, तिथेही तिनं चेहरा बदलला नाही. नऊ वर्षांच्या इरानं मात्र आईच्या फोनवर खंडीभर फोटो काढले. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती सिंगापुरी इंग्रजीत ओरडत गॅलरीत धावली.

“आजोबा! युअर सिग्नेचर, लाह! ऑन द वॉल! सो बिग! माझ्या बर्थडे कार्डवर करता तीच!”

मी बुटाच्या नाडीशी खेळत बसलो. अर्धा तास पुरेल एवढी नाडी माझ्या बुटाला नव्हती.

बाबांनी डबी उघडली. पेन्सिल बाजूला सारून चष्मा काढला. फोन जवळ धरला, लांब धरला. एक फोटो, दुसरा, तिसरा. मग इराला म्हणाले, “हे मोठं कसं करायचं गं?” तिनं करून दाखवलं.

आता ते काहीतरी बोलतील. शिव्या देतील. निदान रडतील तरी!

“छज्जा कुठे आहे?” बाबांनी विचारलं.

“तो... मी खोडला.”

“आणि दगड काळा कोणी लावला?”

“मीच.”

“कट्टा तापत असेल.”

“हो.”

“बसतं कोणी?”

“संध्याकाळी सातनंतर एखादं मांजर.”

बाबांनी फोन इराला परत दिला. चष्मा डबीत ठेवला. आवाज चढला नाही, काही नाही.

“मग माझी सही काढून टाक,” ते म्हणाले. “अपुऱ्या कामावर मी कधी सही केलेली नाही.”

सुधारणा ६ : प्रलंबित

सही निघत नाही. ती भिंतीतच ओतलेली आहे.

मिस लिमना मी सगळं सांगितलं. नकाशा घरी नेल्याचंही. त्यांनी तळाचं काम काढून घेतलं. पास राहिला. तरी छज्ज्याचा प्रस्ताव मी तळाला तीनदा पाठवला. कमांडर बदलले. नवे म्हणतात, काळी रेघ फार स्वच्छ दिसते!

बाबा साताऱ्याहून दर रविवारी फोन करतात. हवापाणी विचारतात, इराला विचारतात. छज्जा विचारत नाहीत.

गेल्या मंगळवारी प्रस्तावाच्या चौथ्या प्रतीला पुरावा जोडावा म्हणून खास परवानगी काढून तळावर गेलो. दुपारी दोनची वेळ. बारा मीटर कट्टा लखलखत होता, माणूस एक नाही. वर बाबांची सही. म्हटलं, किती तापतो ते आपणच पाहावं. बसलो.

तर वाचकहो, ही सगळी चौकट मी उभ्यानं भरली आहे.