देवघरातला महाराक्षस

मंडपाच्या मागच्या भिंतीवर सहा दिवे होते: एक निळसर, दोन पांढरेशुभ्र, दोन पिवळट आणि एक केशरीकडे झुकलेला. तांबडा एकही नव्हता. श्यामसुंदरकाकांनी पुन्हा मोजले. केशरी दिव्याखाली मात्र ठळक पाटी होती, ‘तांबडा महाराक्षसी तारा. ३५०० केल्विन. सहांत सर्वांत थंड.’

काका चारकोपच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी. गणपतीच्या देखाव्याचं बक्षीस दोन वर्षं शेजारची सोसायटी नेत होती आणि त्यात कुणा घरभेद्याचा हात आहे, अशी काकांची खात्री होती. यंदाचा ताऱ्यांचा देखावा तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीचा. ती नुकतीच बीएस्सी झालेली. वायरिंग मात्र तिच्या मित्राने, केयूरने केलं होतं, आणि केयूर राहायचा शेजारच्या सोसायटीत.

काका तडक घरी आले. “वसुधा, आपल्या गीझरच्या नळाला गरमची खूण कुठल्या रंगाची?”

“तांबड्या. का हो?”

“तिथे लिहिलंय, तांबडा सगळ्यात थंड. वर दिवाही पिवळा. त्या केयूरने पोरीला उल्लू बनवलंय.”

“मग तिलाच विचारा ना.”

“विचारलं की तो सावध होईल.”

परीक्षक यायला अर्धा तास होता. गंधाली चहाला घरी गेलेली बघून काकांनी देवघरातला झिरोचा तांबडा दिवा काढला आणि मंडपात महाराक्षसाच्या जागी लावला. काढलेला दिवा त्यांना पुरावा म्हणून जपायचा होता. पण देव अंधारात राहिलेले वसुधाकाकूंना चालले नसते. पुरावा देवघरात लागला.

परीक्षक होत्या बोरिवलीच्या फ्लेविया मिस, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. गंधालीने त्यांच्या हातात एक छोटा मीटर दिला.

“माझा मित्र डेल्रॉय मढला शूटिंगचे लाइट लावतो, त्याचा आहे. उजेड किती केल्विनचा ते कळतं. तुम्हीच मोजा, मिस.”

“बरं. पाटीपेक्षा शंभराचा फरक चालेल. पण सहाही जुळले पाहिजेत, नाहीतर मार्क नाहीत.”

पाच जुळले. सहाव्याला मीटरवर नुसत्या रेघा आल्या.

“मीटर बिघडला काय गं?”

“नाही, मिस. नुसत्या लालभडक उजेडाचे केल्विन मीटरला काढता येत नाहीत. हा माझा दिवाच नाहीये.”

काकांनी केयूरकडे बोट केलं. “शेजारच्यांना आत घेतलं की असंच होणार.”

“काका, मी कशाला बदलू यार? रात्रभर जागून लावलाय.”

“मग तांबड्याच्या जागी पिवळा कोणी लावला होता?”

“मी,” गंधाली म्हणाली. “काका, हे तारे नावाचे तांबडे. साडेतीन हजार केल्विनचा उजेड असाच केशरी-पिवळा असतो. पण तो गेला कुठे?”

“म्हणजे पिवळाच बरोबर होता?”

“हो.”

काकांनी घाम पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “मिस, जरा वर येता का? लिफ्ट चालू आहे.”

फ्लेविया मिसनी दाराबाहेर चपला काढल्या. वसुधाकाकूंनी सवयीने त्यांच्या उजव्या हातावर मोदक ठेवला. डाव्या हाताने मिसनी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधून मीटर आत धरला.

३४८० केल्विन.