पाचवा रकाना

माणसाची लायकी त्याच्या कामावरून ठरवण्याची पद्धत आता जगभर मागे पडली आहे, आणि ते योग्यच झाले. कामावरून ठरवायचे म्हणजे आधी काम पाहावे लागते. ज्यांना पाहायला वेळ असतो त्यांना ते कळत नाही, आणि ज्यांना कळते ते बिचारे काम करत बसलेले असतात. म्हणून सुधारलेल्या समाजात माणसाला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलतात, दहा हजार किलोमीटर दूर हिरवळीवर नेऊन उभे करतात, हातात काठी देतात, आणि एक लहानसा पांढरा चेंडू तो कसा मारतो हे पाहून रासायनिक कारखान्याची सुरक्षितता त्याच्या हाती द्यावी की नाही ते ठरवतात. या पद्धतीला लीडरशिप रिट्रीट म्हणतात.

जगदीश वानखडेला ही पद्धत मान्य होती. (मान्य नसल्यास खूण करायला फॉर्मवर चौकट नव्हती.)

जगदीश सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर होता. अकरा वर्षे तो चोआ चू कांगच्या घरून सकाळी सहा दहाची कंपनीची बस पकडत होता, गळ्यातला पास गेटवर दाखवत होता आणि संध्याकाळी सगळी माणसे दोन हात, दोन पाय आणि दोन डोळ्यांसह परत पाठवत होता. त्याच्या हद्दीत अकरा वर्षांत एकही अपघात झाला नव्हता, आणि नेमकी हीच त्याची अडचण होती. आग विझवणाऱ्याचा फोटो निघतो. आग लागूच न देणाऱ्याचा कशाचा फोटो काढणार? दर वर्षीच्या आढाव्यात त्याच्या नावापुढे एकच शेरा पडे: 'विशेष काही घडले नाही.'

अशात शेजारचा प्लांट आणि त्याचा प्लांट एक करायचे ठरले. सेफ्टी मॅनेजर दोन झाले, खुर्ची एकच राहिली. दुसरा मॅनेजर क्षितिज, पुण्याचा, वयाने बारा वर्षांनी लहान, अनघाचा नवरा, दोन वर्षांच्या मुलीचा बाप. दोघांचेही डायरेक्टर प्रबोध सर. सर म्हणाले, "तुम्ही दोघं मला माझ्या दोन डोळ्यांसारखे आहात." (कंपनीचा विचार एका डोळ्यावर भागवायचा होता.)

इथे एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे. सिंगापुरात नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीपुरता राहण्याचा परवाना, रद्द होतो, आणि पास रद्द झाला की तीस दिवस मिळतात. तीस दिवसांत फ्लॅट सोडायचा, टॅक्स मिटवायचा, फोन बंद करायचा, मुलांना शाळेतून काढायचे आणि 'आम्हालाच आता भारतात यायचं होतं' हे वाक्य पाठ करायचे. जगदीशची मुलगी मेधा पुढच्या वर्षी ओ लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला, बसणार होती. ती चार वर्षांची असताना इथे आली. अकोला म्हणजे तिच्या लेखी दर जूनमध्ये जिथे पोट बिघडते ते ठिकाण.

म्हणून जेव्हा प्रबोध सरांनी लिफ्टमध्ये सहज विचारले, "जगदीश, गोल्फ खेळतोस ना?" तेव्हा तो म्हणाला, "हो सर, थोडंफार."

जगदीशने गोल्फ फक्त सातव्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे टीव्हीवर पाहिला होता. पण सर पडले मराठी. मराठीत पट्टीचा गवईही 'थोडंफार गातो' म्हणतो, आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी बाई 'येतं आपलं थोडंफार' म्हणते. सरांनी 'थोडंफार'चा रीतसर अर्थ लावला आणि यादीत लिहिले: वानखडे, उत्तम.

दोघांतून एक निवडायची रिट्रीट फ्रान्समधल्या एका खेड्यात होती. खेड्याचे नाव कागदावर चौदा अक्षरी होते, उच्चारताना त्यातली तीनच उरत. राहायची सोय एका शातोमध्ये. शातो म्हणजे जुन्या सरदाराचा वाडा, ज्याचे छप्पर दुरुस्त करणे सरदाराच्या वारसांना झेपत नाही, म्हणून ते इंजिनिअरांना भाड्याने देतात.

"चेंडू मारायला फ्रान्सला जायचं?" त्याच्या बायकोने, सरिताने, विचारले. "इथे नाही मारता येत?"

"इथे नोटीस आहे," जगदीश म्हणाला.

हे खरे होते. त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, चेंडूचे सर्व खेळ मना असल्याची पाटी होती, आणि पाटी वाचून तिच्याविरुद्ध वागणे जगदीशच्या रक्तात नव्हते. म्हणून त्याने चेंडूशिवाय गोल्फचा सराव सुरू केला. रोज संध्याकाळी पाऊण तास, हातात लांब दांड्याची छत्री. पाय खांद्याइतके फाकवलेले, मान खाली, नजर जमिनीवरच्या एका टाइलवर.

"पपा, बॉल कुठेय?" मेधाने विचारले.

"बॉलला परवानगी नाही."

"नो बॉल? लाइक दॅट ऑल्सो कॅन, मेह?" (सिंगापुरी इंग्रजीत: असंही चालतं?)

"आधी पद्धत पक्की करायची असते. बॉल काय, नंतर येतोच."

दुसऱ्या आठवड्यात त्याच्यामागे तीन चिनी आज्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांना हा व्यायामाचा नवा प्रकार वाटला. चौथ्या आठवड्यात आज्या अकरा झाल्या, प्रत्येकीच्या हातात छत्री. सहा आठवड्यांची आकडेवारी अशी: फटके चार हजार दोनशे, चेंडू शून्य, बऱ्या झालेल्या पाठी पाच.

एका रविवारी क्षितिज भेटायला आला. बुकित तिमाहहून दोन बस बदलून, कडेवर मुलगी घेऊन. खाली जगदीशचा वर्ग पाहून त्याने मुलीला कडेवरून खाली ठेवले.

"दादा, स्विंग फार सुंदर आहे तुमचा," तो म्हणाला. "फक्त मनगट सैल सोडा. आणि हा ग्लोव्ह ठेवा, माझ्याकडे दोन आहेत."

"तू मला कशाला शिकवतोस, वेड्या?"

"मग काय हरवण्यासाठी अडाणी माणूस नेऊ? मजा नाही येत, दादा."

क्षितिज खरोखर खेळायचा. त्याने रीतसर कोच लावला होता. ही त्याची चूक होती, पण ती कळायला अजून वेळ होता.

पहिल्या संध्याकाळी शातोच्या मालकीणबाईंनी पाच टप्प्यांचे जेवण वाढले. प्रत्येक टप्प्यात परातीएवढी ताटली आणि सुपारीएवढा पदार्थ. जेवणानंतर जगदीशच्या खोलीत सरिताची शेंगदाण्याची चटणी आणि चार पोळ्या निघाल्या, आणि दोन्ही उमेदवारांनी त्या पलंगावर पेपर पसरून वाटून खाल्ल्या.

"दादा, मी गेलो तर माझा गोल्फ सेट तुम्ही घ्या," क्षितिज म्हणाला. "विकायचा नाही मला. अनघा म्हणते, घरात आणलेली एवढी एकच वस्तू मी पुसून ठेवतो."

"आणि मी गेलो तर?"

"तर मला तुमच्या आज्या द्या."

दोघेही हसले. हसताना कोणीच कोणाकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला. जगदीशने पवित्रा घेतला, मान खाली, मनगट सैल, आणि चार हजार दोनशे एकावा फटका मारला. फटका निर्दोष होता. चेंडू जागच्या जागी होता. प्रबोध सर म्हणाले, "वा! प्रॅक्टिस स्विंग असावा तर असा." जगदीशने दुसरा मारला. सर म्हणाले, "घाई नाही याला. आवडलं." चौथ्या फटक्यानंतर त्यांनी चेंडू उचलून त्याला पुढे चालायला सांगितले. (गोल्फमध्ये न लागलेला फटकाही मोजतात. हा जगातला एकमेव खेळ आहे जिथे काही न करण्याची नोंद प्रामाणिकपणे होते. नोकरीत ती वर्षअखेरीस एकदाच होते.)

तिसऱ्या खड्ड्यापाशी क्षितिजची पाळी होती. प्रबोध सर फोनवर बोलत बोलत नको तितके पुढे गेले होते. क्षितिजने ओरडून सावध केले, सरांनी हात हलवला, क्षितिजला वाटले बाजूला झाले, आणि त्याने मारला. चेंडू सरांच्या डाव्या कानापासून अंदाजे वीतभर अंतरावरून गेला आणि द्राक्षांच्या मळ्यात नाहीसा झाला.

त्यानंतर जे झाले ते जगदीशने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते त्याच्या अकरा वर्षांनी केले. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तो प्लांटमध्ये ओरडतो तसा ओरडला, "स्टॉप वर्क!" सगळे जागीच थिजले. झाडीतला एक बगळासुद्धा थांबला. कंपनीच्या नियमानुसार धोका दिसला की झाडूवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत कोणीही काम थांबवू शकतो, आणि थांबवणाऱ्याने ताबडतोब ॲपवर निअर मिसची नोंद करायची, म्हणजे झाला नाही पण होता होता राहिला अशा अपघाताची. जगदीशचा अंगठा चार ठिकाणी टेकला. ठिकाण. वेळ. धोका. संबंधित व्यक्ती.

चौथ्या ठिकाणी त्याने काय लिहिले हे त्याच्या लक्षात आले तेव्हा ॲपवर हिरवी अक्षरे झळकत होती: 'धन्यवाद! आपण आज एक जीव वाचवला आहे.' ती नोंद मुख्य कार्यालयात पोहोचली होती, आणि परत घ्यायची सोय ॲपमध्ये नव्हती. (अशी सोय असू नये, अशी शिफारस तीन वर्षांपूर्वी जगदीशनेच केली होती.)

"दादा," क्षितिज एवढेच म्हणाला.

"हाताला सवय आहे रे," जगदीश म्हणाला. "तुझी शप्पथ, हातच तो."

निअर मिस झाली की मूळ कारण सापडेपर्यंत काम सुरू करता येत नाही. त्यामुळे फ्रान्सच्या निसर्गरम्य ग्रामीण भागातील उरलेली रिट्रीट शातोच्या जेवणघरात, पडदे ओढून, चौकशी समितीच्या रूपाने पार पडली. समितीत तिघे होते: ज्याला चेंडू लागला नाही तो, ज्याने मारला तो, आणि ज्याला मारता येत नव्हता तो. मालकीणबाई दर दोन तासांनी ताटल्या ठेवून जात. खिडकीबाहेर अठरा खड्डे रिकामे पडले होते.

चौकशीची पद्धत जगन्मान्य आहे. पाच वेळा 'का' विचारायचे. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडते. (सर पुढे का उभे होते, हा 'का' सरांनी विषयाबाहेरचा ठरवला.) जगदीशने सुवाच्य अक्षरात लिहायला घेतले.

पहिला का: चेंडू सरांच्या कानाजवळून का गेला? क्षितिजने मारला म्हणून.

दुसरा का: क्षितिजने का मारला? खेळ चालू होता आणि पाळी त्याची होती.

तिसरा का: खेळ का चालू होता? रिट्रीट होती म्हणून.

चौथा का: रिट्रीट का होती? दोघांतून एक निवडायचा होता म्हणून.

पाचवा का: दोघांतला एकच का?

जगदीशने पेन टेकवले. अकरा वर्षांत त्याने सव्वाशे अहवाल लिहिले होते आणि एकाचाही पाचवा रकाना कोरा सोडला नव्हता. त्याने सरांकडे पाहिले. सरांनी चीज कापायला घेतले.

"पाचवा राहू दे," सर म्हणाले. "चारात कळतंय सगळं."

जगदीशला वाटले, आता लिहावे. मग त्याला मेधाचा शाळेचा गणवेश दिसला, दोरीवर वाळत घातलेला. त्याने पेनाला टोपण लावले.

मुख्य कार्यालयाचा निर्णय नवव्या दिवशी आला, आणि तो अत्यंत तर्कशुद्ध होता. ज्याच्या नावावर निअर मिस आहे त्याला एक वर्ष सुरक्षेचे पद देता येत नाही. दुसऱ्या उमेदवाराची नोंद मात्र अशी होती: 'फटके बारा, चेंडूला स्पर्श शून्य, कोणालाही इजा नाही.' त्यापुढे कोणीतरी शेरा मारला होता, 'सुरक्षित वर्तनाचा आदर्श.' अकरा वर्षांत जगदीशबद्दल लिहिलेले ते पहिले विशेषण.

त्या संध्याकाळी सरिताने श्रीखंड केले. "जमला म्हणायचा तुम्हाला गोल्फ," ती म्हणाली. जगदीश म्हणाला, "थोडंफार."

मग सिंगापूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर क्षितिजचा मेसेज पडला. 'आम्हालाच आता भारतात यायचं होतं. देणे आहे: सोफा, पाळणा, बाळाची सायकल, पाच लिटरचा कुकर, उत्तम स्थितीत. गोल्फ सेट जगदीशदादांसाठी बाजूला ठेवला आहे.'

कुकर अजून आहे का, असे सतरा जणांनी विचारले. सोफ्याची मापे सहा जणांनी मागितली. 'काय झालं रे?' असे विचारणारे: शून्य. जगदीशने चार वेळा काहीतरी टाइप केले आणि चार वेळा पुसले. शेवटी त्याने हात जोडलेले चित्र टाकले. त्याखाली लगेच अठरावा माणूस आला, कुकर मागत.

गोल्फ सेट आता चोआ चू कांगला दाराआड उभा आहे. व्हॉइड डेकवर पाटी तशीच आहे. आज्या संध्याकाळी येतात, छत्र्या टेकवून थोडा वेळ वाट पाहतात आणि आपले आपण सुरू करतात.

अहवाल मुख्य कार्यालयाच्या यंत्रणेत 'अपूर्ण' म्हणून अजून उघडा आहे. पाचवा रकाना कोणीही भरू शकतो, त्याला हुद्द्याची अट नाही. खरे तर आपणही तो प्रश्न विचारू शकला असता, चांगली संधी होती. पण वाचकहो, इथवर येईपर्यंत आपल्याला एकच उत्सुकता होती: दोघांतला राहिला कोण?

(कुकर गेला. चौकशी करू नये.)