बाद वही

सगळा दोष कार्यालयाचा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारे ताईच्या भावाला वेड्यात काढतील. ज्या कार्यालयापासून दोन गल्ल्यांवर एक औषधांचं दुकान एकसष्ट वर्षं उघडं आहे, ज्या कार्यालयातल्या निम्म्या टेबलांची डोकेदुखीची गोळी त्याच दुकानातून जाते, त्या कार्यालयाने ताईला लेखी कळवलं: "सदर दुकान जुने असल्याचा पुरावा आढळून येत नाही." आढळून येत नाही! शोधला कुठे होता? खुर्चीखाली?

दुकान असलेला तो कोपरा पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायचं ठरलं होतं. वाचायचा मार्ग एकच. कार्यालय वस्तीतल्या जुन्या जागांची यादी करत होतं. त्या यादीत नाव लागलं तर दुकान राहणार, नाही लागलं तर पुढच्या महिन्यात हातोडा. गुरुवारी साडेअकराला अधिकारी स्वतः येऊन जुन्या वस्तू पाहणार होते.

दुकान बाबांनी उघडलेलं. ते गेल्यापासून काउंटर ताईकडे आणि माल भावाकडे. ताई चौसष्ट वर्षांची, जिभेने कात्री. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि नियमाच्या बाबतीत बाबांपेक्षा एक पायरी वर. बाबांचा नियम होता की मुदत संपलेलं औषध सूर्य मावळायच्या आत दुकानाबाहेर गेलं पाहिजे. बाटली रिकामी करायची, लेबल खरवडायचं, काच फोडायची, म्हणजे कोणी त्यात दुसरं काही भरून विकायला नको. मग बाद वहीत नोंद करायची आणि घरातल्या दोघांनी सह्या करायच्या. भाऊ हा नियम औषधांपुरता ठेवत नसे. घरातलं लोणचंसुद्धा तो तारीख विचारून खायचा.

ताईने माळ्यावरून आईची लाकडी पेटी उतरवली. बाबा जे बाद करायचे त्यातलं देखणं काही आई त्यांच्या नकळत उचलून वर लपवायची. पेटीत पत्र्याचे रंगीत डबे होते, निळ्या काचेच्या बाटल्या होत्या आणि खोकल्याच्या मिश्रणाची एक भरलेली बाटलीही होती. तिच्या अंगावर कागदाची ती दातेरी पट्टी चिकटवलेली होती, एक दाता म्हणजे एक डोस. प्रत्येक वस्तूवर बाबांच्या अक्षरात तारीख. ताईने आठ दिवस पुसून-पुसून एकतीस वस्तू दर्शनी काचेच्या कपाटात मांडल्या. लोक थांबून बघायला लागले.

"ताई, हे बघून तर माझा खोकला बरा झाला," वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे भावाची बायको. घरात खरं बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

बुधवारी दुपारी ताई अर्जाची तिसरी प्रत द्यायला कार्यालयात गेली. पहिल्या दोन तिथेच हरवल्या होत्या. ती तिकडे रांगेत उभी असताना इकडे दुकानात त्याच कार्यालयाचा दुसरा कागद आला, औषध तपासणी विभागाचा. "गुरुवार, सकाळी अकरा वाजता तपासणी. मुदतबाह्य माल दर्शनी भागात आढळल्यास परवाना तत्काळ रद्द."

भावाने कागद वाचला. मग कपाटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. सूर्य मावळायला अडीच तास होते.

ताई परतली तेव्हा कपाट लख्ख रिकामं होतं. मागच्या मोरीत काचेचा चुरा, ठेचलेले डबे आणि खोकल्याच्या मिश्रणाचा चाळीस वर्षं मुरलेला वास. काउंटरवरचा बाबांचा तराजू तेवढा जागेवर होता.

"भाऊ," ताई अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलली की घरातले मागे सरकत. "माझं कपाट कुठंय?"

"कपाट आहे की. माल बाद केला."

"अरे, तो माल नव्हता! शोभेच्या वस्तू होत्या त्या!"

"शोभेच्या असल्या म्हणून मुदत वाढते का? खोकल्याचं औषध, त्र्याऐंशी साल, भर दर्शनी भागात! परवाना गेला असता. बाबांनी तेव्हाच बाद केलेला माल तो. आईमुळे काम रखडलं होतं, मी पुरं केलं."

"दुकान पाडतील रे उद्या! परवान्याचं काय, फ्रेम करून गळ्यात घालशील?"

"अहो, निदान एखादी बाटली तरी ठेवायची," वहिनी म्हणाली.

"नियमात एखादी बसत नाही," भाऊ म्हणाला आणि बाद वही पुढे सरकवली. "तुझी सही राहिलीय, ताई. दुसरी सही लागते."

ताईने सही केली नाही. ती रडलीही नाही. तिने मोरीतला चुरा सुपात भरला आणि ती सूप घेऊन बसून राहिली, पडल्यावर हातात आलेला आपलाच दात बघावा तशी.

गुरुवारी बरोबर अकराला साहेब आले. त्यांनी फळ्या पाहिल्या, खण उघडले, कपाटात डोकं घातलं आणि खूश झाले. "वा! एकही मुदतबाह्य वस्तू नाही. असं दुकान बघायला मिळत नाही हो." भावाची छाती फुगली. साहेबांनी अहवालात लिहिलं: "मुदतबाह्य माल निरंक. समाधानकारक." बाद वही मागवून पानाच्या तळाशी शिक्काही मारला. मग चहा घेतला आणि घड्याळात बघत बसून राहिले.

"अजून काही राहिलंय का साहेब?" ताईने विचारलं. "आम्हाला साडेअकराला दुसऱ्या साहेबांची वाट बघायचीय. ते जुन्या जागांच्या यादीवाले."

"तो मीच." साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मागच्या बाजूला दुसरं पद होतं. "अतिरिक्त कार्यभार. पाच मिनिटं आहेत अजून."

साडेअकरा झाले. साहेबांनी दुसरी फाईल उघडली आणि मघाशी ज्या कपाटाचं कौतुक केलं त्याच कपाटासमोर कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. "जुन्या वस्तू कुठे आहेत?"

"तुमच्या अकराच्या साहेबांनी फोडायला लावल्या," ताई म्हणाली.

"त्यांचा-माझा विभाग वेगळा आहे. हा तराजू?"

"बाबांचा."

"यावर साल नाही. कालचाही असू शकेल." साहेबांनी पेन काढलं. "जुन्या वस्तू निरंक. नाव..."

"थांबा!" वहिनी म्हणाली. ती काउंटरमागे वरच्या फळीवरून कुणाची तरी मलमाची डबी काढत होती, आणि फळीला हात पुरावा म्हणून नेहमीप्रमाणे बाद वहीवर उभी होती. पानं संपली की बाबा नवी पानं शिवायचे, मग भावाने शिवली. वही उशीएवढी जाड झाली होती. "अहो ताई, ही माझ्या पायाखाली आहे ती कधीपासूनची?"

"त्यावर उभी राहू नकोस, किती वेळा सांगितलं!" भाऊ ओरडला.

पण ताईने वही ओढूनसुद्धा घेतली होती. रोज हातात असलेली वस्तू जुनी आहे हे कुणाच्या डोक्यात येतं? तिने पहिलं पान उघडलं. बाबांचं अक्षर. साल एकोणीसशे त्रेसष्ट. आणि तळाशी याच कार्यालयाचा गोल शिक्का. पुढच्या वर्षाचा शिक्का. त्याच्या पुढच्या वर्षाचा. एकसष्ट वर्षांचे एकसष्ट शिक्के, आणि शेवटचा अजून ओला.

"साहेब, आढळून येतोय का काही?"

दुकानात गिऱ्हाईकं जमली होती, ती पुढे सरकली. ताई मोठ्याने वाचायला लागली. "पुराचं पाणी शिरलं, खालच्या दोन फळ्या बाद. गिरणी बंद पडली, हाताच्या मलमाच्या तीस डब्या पडून, बाद. चष्मेवाल्याच्या आईसाठी केलेलं शक्तीचं औषध. न्यायच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. बाद."

शेजारचा चष्मेवाला गर्दीत मागे उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला.

"त्र्याऐंशी. खोकल्याचं मिश्रण, शाळेच्या मास्तरांसाठी केलं. मास्तर न्यायला आले नाहीत. बाद."

"मी बरा झालो होतो!" बाकावरून काठीचा आवाज आला. मास्तर पंच्याऐंशी वर्षांचे होते. "आलो नाही म्हणून लिहून ठेवलंत होय? द्या आता बाटली. परत खोकला सुरू झालाय."

"काल फोडली, मास्तर," भाऊ खाली मान घालून म्हणाला.

"अरे गाढवा! एक दिवस थांबला असतास!"

सगळं दुकान हसलं. साहेब तेवढे हसले नाहीत. "हे वरिष्ठांना विचारावं लागेल," ते म्हणाले.

"विचारा की. पण आधी इथे एक ओळ लिहा," ताईने पेन पुढे केलं. "हे एकसष्ट शिक्के खोटे आहेत, असं लिहा. म्हणजे मघाचा तुमचाही खोटा. नाहीतर यादीत नाव लिहा. दोन्हींपैकी एक. लिहीपर्यंत मी दुकान बंद करत नाही."

साहेबांनी एकदा ओळखपत्राची ही बाजू पाहिली, एकदा ती. दोन्ही बाजूंना ते स्वतःच होते. त्यांनी यादीत नाव लिहिलं. मास्तरांनी काठी आपटली आणि चष्मेवाल्याने टाळ्या सुरू केल्या. ताईने बाद वहीत भावाच्या सहीशेजारी आपली राहिलेली सही केली.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत मंजुरी: दुकान यादीत, कोपरा कायम. वस्तीच्या इतिहासाचा मौल्यवान पुरावा म्हणून बाद वही जपून ठेवावी. वहिनीने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. त्याच पाकिटात दुसरा कागद होता, औषध तपासणी विभागाचा. तीन वर्षांपेक्षा जुन्या नोंदवह्या नियमानुसार तत्काळ नष्ट करून तसा अहवाल पाठवावा. दोन्ही कागदांखाली साहेबांची तीच सही.

सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. ताईने तर वही छातीशी धरली. नियम म्हणजे नियम. भावाने दोन्ही कागद काउंटरवर शेजारी-शेजारी मांडले. मग हात पुढे करून म्हणाला, "ताई, वही दे."

"भाऊ, मी तुझे हात तोडीन."

"दे गं. नोंद करायचीय."

त्याने चष्मा लावला आणि ठळक अक्षरात लिहिलं. "वस्तू: वही नष्ट करण्याचे कार्यालयाचे पत्र, एक नग. कारण: आले तेव्हाच मुदत संपलेली. विल्हेवाट: शिक्का खरवडला, कागद फाडला, मोरीत सोडला." सूर्य मावळायला अजून तासभर होता, त्याने ते त्याच क्रमाने केलं. सही केली. ताईने दुसरी सही केली. तिसऱ्या सहीची गरज नव्हती, तरी वहिनीनेही केली.

मग शेऱ्याचा रकाना उरला. तो ताईने भरला, आणि त्या पानाची प्रत कार्यालयात नेऊन, पोच घेऊन आली: "जपा आणि जाळा, दोन्ही एका दिवशी एका टेबलावरून एकाच हाताने लिहिलेत. आम्ही नेमकं कुणाचं ऐकायचं? वही उघडी आहे, जागा सोडली आहे. उत्तर द्या."