सत्तराव्या क्रेडिटानंतरचे अज्ञान

ज्ञानाला अंत नाही, असे थोर लोक सांगत आले. विद्यापीठाने तो शोधून काढला. तो सत्तर क्रेडिटांवर आहे.

कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणाऱ्याने सोबत जास्तीत जास्त सत्तर क्रेडिटे आणावीत, असा नियम आहे. (एक क्रेडिट म्हणजे आठवड्यातून एक तास, सबंध सत्रभर जागे राहिल्याची पावती.) नियम योग्यच आहे. मर्यादा नसती तर माणसे बाहेरच शिकत राहिली असती, आणि मग विद्यापीठाने शिकवायचे कुणाला?

कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, पीचच्या बागांमधल्या एका गावात येसेनिया बर्रागान राहायची. दिवसा बेदाण्याच्या कारखान्यात, संध्याकाळी कॉलेजात, अशी तिने पाच वर्षे काढली. गावच्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नव्हते, आणि ते का, हे तिला स्वतः तपासून पाहायचे होते. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाणी-तपासणी प्रयोगशाळेने तिच्यासाठी एक जागा धरूनही ठेवली होती. अट एकच: ऑगस्टात ती रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात असावी.

एप्रिलमध्ये कॉलेजचे सल्लागार हाल्व्होर्सन यांनी तिची बेरीज केली.

"चौऱ्याहत्तर. चार जादा झाली. जादाची शेवटून कापतात. शेवटी काय घेतलं होतंस?"

"सेंद्रिय रसायनशास्त्र. चार क्रेडिटांचं."

"बघ, किती सोयीचं! नेमकं चारच."

"अहो, तिसऱ्या वर्षाला तेच तर लागतं!"

"मग विद्यापीठात पुन्हा घे. पुढच्या वर्षी. यंदाचा वर्ग भरलाय."

"त्यापेक्षा सुरुवातीचं बॅडमिंटन कापा ना."

"ते कसं कापणार?" हाल्व्होर्सन हळहळले. "ते तू शिकली आहेस."

येसेनिया शास्त्राची विद्यार्थिनी. नियम मोडत नसेल तर त्याच्या आतूनच वाट काढावी, हे तिला ठाऊक होते. तिने नियमांची पुस्तिका नीट वाचली. मिळालेले क्रेडिट परत देता येत नव्हते; पण नापास झालेल्याला ते मिळतच नव्हते. आणि आपण चुकून पास केले, असे शिक्षकाने लिहून दिल्यास जुना निकालही बदलता येत होता. तेव्हा जुन्या दोन विषयांत नापास होणे एवढेच काय ते उरले: तीन क्रेडिटांचे 'यशस्वी विद्यार्थी कसे व्हावे' आणि एका क्रेडिटाचे बॅडमिंटन.

"ताई, मी एकही क्रेडिट केलं नाही," भाऊ रिगो घास घेत म्हणाला. "माझं काही वाया गेलंय का बघ."

"तिला चिडवू नकोस," आई म्हणाली. "बस तिच्याजवळ आणि शिकव. नापास व्हायचंय तिला."

पहिला विषय सहज सुटला. तो शिकवणारे डॉ. क्विंबी म्हणाले, "मर्यादा सत्तरची, आणि तू चौऱ्याहत्तर केलीस? तुला मी यशस्वी विद्यार्थी ठरवलंच कसं?" त्यांनी चूक दुरुस्त केली आणि माफीही मागितली. (माणूस सज्जन.)

बॅडमिंटनच्या ट्रूडी ओइलर बाई मात्र कडक. वय एकाहत्तर, डाव्या गुडघ्याला पट्टा. "चुकीचा निकाल मी जन्मात दिलेला नाही. खेळून दाखव."

निकाल बदलायचा म्हणून कॉलेजची तीन जणांची समिती खुर्च्या टाकून बसली. येसेनियाने एकूण एक फूल जाळीत मारले. समितीने माना डोलावल्या. बाईंनी रॅकेट खाली ठेवली.

"दर वेळी जाळीच्या त्याच चौकोनात? अगं, एवढा ताबा माझ्या बक्षिसं मिळवणाऱ्या पोरींकडे नव्हता. पास!"

'पराभव कौशल्यपूर्ण,' अशी समितीने नोंद केली.

"बाई, असं करू नका. माझी नोकरी जाईल."

"मग लबाडी सोड आणि खरं खेळ. जीव तोडून जिंकायचा प्रयत्न कर."

येसेनिया जीव तोडून खेळली. पाच वर्षे काचेच्या नळ्या हाताळलेला हात तो. बाईंनी तिला एकवीस-तीनने लोळवले. (ते तीन गुण बाईंच्या गुडघ्याचे.) मग जाळीखालून वाकून येत त्यांनी तिला मिठी मारली.

"नापास! शाब्बास, पोरी!"

समितीने टाळ्या वाजवल्या. ऑगस्टात येसेनिया बरोबर सत्तर क्रेडिटांनिशी तिसऱ्या वर्षात बसली आणि दुसऱ्याच आठवड्यात विहिरींचे नमुने तपासू लागली. कॉलेजात नापास करण्याच्या अर्जांत चारशे टक्के वाढ झाली (एकाचे पाच झाले). गरज ओळखून कॉलेजने 'नापास कसे व्हावे' हा एका क्रेडिटाचा विषयही सुरू केला. त्यात पास होण्याची अजून कुणाची छाती झालेली नाही.

या कथेतून वाचकाला काही शिकायला मिळाले असेल, तर ते ठेवायला आपल्याकडे जागा आहे का, हे त्याने आधी पाहावे. काळजीचे कारण नाही. जागा भरपूर असेल. शेवटचा पेपर देऊन घरी आलो, त्याच संध्याकाळी आपण ती सगळी रिकामी केली होती, आणि त्यासाठी कुठली समिती बसवावी लागली नव्हती.