आण्णासाहेबांच्या सोप्यातला बल्ब

वीज कशी मोजायची ते अख्ख्या निपाणीत एकट्या मलाच कळतं, अशी १९४१ साली माझी पक्की खात्री होती! बेळगावच्या कॉलेजात सायन्सचं एक वर्ष काढलेला गडी मी!

राजमतीला बघायला माझ्या वडिलांबरोबर, आप्पांबरोबर गेलतो. तिचे वडील आण्णासाहेब तंबाखूचे व्यापारी. वखारीत तेलाचं इंजिन, त्याला डायनॅमो, आणि तिथून तार ओढून घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, एक बल्ब. आम्ही सगळे जैन, म्हणून खाणंपिणं दिवस असतानाच उरकलं. मग तो बल्ब लागला. कावीळ झाल्यासारखा पिवळा!

"शिकल्यालं हैस न्हवं?" आण्णासाहेब म्हणाले. "मग ह्येचा उजेड वाढीव बघू!"

पोरगी मला मनापासून आवडली होती. सोडतोय व्हय ही संधी! बल्बवर लिहिलेलं वाचलं, खडू मागवला आणि फरशीवर मांडणी केली.

"शंभर व्होल्ट, अर्धा अँपिअर. भागा! दोनशे ओहम, हा ह्याचा रोध. आता गुणा! पन्नास वॅट, ही ह्याची ताकद. व्होल्ट दुप्पट करा, वॅट शंभर. उजेड दुप्पट!"

दाराआडून राजमतीचा आवाज आला, "पर व्होल्ट वाढलं की अँपिअरबी वाढत्यात न्हवं?"

"ते तुम्हाला न्हाय कळायचं," मी म्हणालो. काय मस्ती होती अंगात!

वखारीत इंजिन सांभाळणाऱ्या भरमूला निरोप गेला: व्होल्टचा काटा दोनशेवर ने. आणि काय सांगू! सोप्यात भर दुपार झाली! आण्णासाहेबांनी डोळ्यांवर उपरणं घेतलं. आप्पा खूश. तेवढ्यात खिडकीतून एक किडा आला. मग दहा आले. दिवाळीच्या तोंडावरचे दिवस ते, मग काय, थवेच्या थवे! तापलेल्या काचेवर आपटून पटापटा खाली पडायला लागले.

"आरं, हत्या व्हायल्या!" आण्णासाहेब ओरडले. "बंद कर! बंद कर!"

बंद कुठून करणार? बटण वखारीत, आणि इंजिनाच्या धडधडीत भरमूला हाक काय ऐकू येणार! शेवटी बल्बच फुटला. फट्! सगळा काळोख.

"कुणीबी पाय हलवू न्हका! खाली जीव हैत!" अंधारातनं आण्णासाहेबांचा आवाज आला.

माझा एक पाय उचललेला, तो तसाच राहिला. आप्पा उठताना अर्धे वाकलेले, ते तसेच राहिले. माझ्या कानाशी पुटपुटले, "सायन्स दाखवून पोरगी घालवलीस की रं!" रडूच यायचं बाकी होतं मला.

मग राजमती आली. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात मऊ कुंचा. एकेक जीव हळूच बाजूला सारत माझ्यापाशी पोचली आणि फरशीवरचा खडू वाचू लागली.

"दोनशे व्होल्टाला दोनशे ओहमनं भागलं की एक अँपिअर. दोनशे गुणिले एक, दोनशे वॅट. दुप्पट न्हवं, चौपट!" मग हलक्या आवाजात म्हणाली, "टेकवा आता पाय."

आण्णासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "पोरगी देतो," म्हणाले. "हिशेब ती बघंल. पर जावईबापू, तुम्ही नेम घ्यायचा. हयातभर विजेला हात लावायचा न्हाय!"

घेतला की! दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाऊन, देवासमोर घेतला!

पुढं पस्तीस वर्षं मी शाळेत वीज शिकवली, नुसत्या खडूनं. घरचा बल्ब गेला की राजमती स्टुलावर चढायची आणि मी खालनं स्टूल धरायचो. ती जाऊन चार वर्षं झाली. लई आठवण येते बघा. नेम काही मोडवत नाही. बल्ब गेला की शेजारच्या जयाबाईंना हाक मारतो. परवा स्टुलावरनं म्हणाल्या,

"मास्तर, शाळंत नक्की काय शिकवायचा हो तुम्ही?"

"मराठी," म्हणालो!