धुंडिराज अस्वलाचा कारवीचा फोटो

एका जंगलात, बाळांनो, धुंडिराज नावाचं अस्वल राहत होतं. स्वभावाने गरीब, पण फार हौशी. हौशी म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. बाबा घरात असताना आईला विचारू नका.

त्या वर्षी डोंगरावर कारवी फुलली. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते आणि मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात. धुंडिराजाच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते. तिला चढ जमत नव्हता.

"धुंड्या," ती म्हणाली, "वर जा आणि एक फोटो काढून आण. माश्या फुलांवरून उठून डाव्या कड्याकडे जातात की उजव्या, तेवढं दिसू दे. पोळं कुठं आहे ते मी घरबसल्या सांगते. पुढची कारवी काही मला दिसायची नाही रे. एकदा तो मध चाखायचाय."

"मी बघून येतो की, आई. फोटो कशाला?"

"तुला अजून डावं-उजवं कळत नाही, म्हणून."

धुंडिराजाला भरून आलं. आईसाठी फोटो काढायचा, तो काय साध्यासुध्या कॅमेऱ्याने? तो तडक शेपटे सरांकडे गेला.

शेपटे सर म्हणजे वडावरचे लंगूर. जंगलात कुणीही कॅमेरा घेतला तरी त्यांना विचारून. त्यांनी काढलेला फोटो कुणी पाहिला नव्हता. मत मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं.

"सेन्सर केवढा हवा?" सरांनी विचारलं.

"माशी दिसेल एवढा."

सर हसले. "नवखे आहात. आधी वाचा, मग बोलू."

धुंडिराज वाचत बसला. एक कॅमेरा फार जड निघाला. एक हलका होता, पण त्यावर पंजा ठेवला की तीन बटणं एकदम दाबली जात. ज्याच्यावर मन बसलं, त्याचं नवं मॉडेल दिवाळीला येणार, असं सर म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचन सुरू झालं.

"अरे, फुलं गळायला लागली," आई म्हणाली.

"लेन्स ठरू दे, आई."

"तोवर मी उरेन ना?"

शेवटी कॅमेरा आला. धुंडिराज धापा टाकत डोंगर चढला. एका उतारावर तेवढी कारवी उरली होती, आणि माश्यांचे थवे उठून भराभर निघाले होते. कुठे निघाले होते, ते त्याने पाहिलं नाही. तो बटणं फिरवत होता. पण फोटो झकास आला. माशी न् माशी दिसत होती.

आता सरळ घरी जायचं. पण वाटेत वड लागतो ना!

"कच्चा आहे," शेपटे सर म्हणाले. "असा कुणाला दाखवतात का? सॉफ्टवेअर कोणतं?"

धुंडिराजाने फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव घेतलं. सरांनी नुसतं आभाळाकडे पाहिलं. तेव्हा त्याने दरमहा वर्गणीचं घेतलं. आभाळ निळं केलं. फुलं जांभळी होतीच, ती आणखी जांभळी केली.

"आणि हे काळे ठिपके?"

"माश्या आहेत, सर."

"परीक्षकांना लेन्सवरची धूळ वाटेल. या आठवड्यात जंगलची फोटो-स्पर्धा आहे, विसरलात? तिथं द्या हा."

धुंडिराज घुटमळला. मूळ फोटो आईसाठी आहेच की, असं त्याने मनाला समजावलं. मग त्याने एकेक माशी पुसली. फार मन लावून पुसली. आणि आनंदाच्या भरात जे बटण दाबायचं नव्हतं, नेमकं तेच दाबलं. नवा फोटो मूळ फोटोवरच सेव्ह झाला.

स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. "काय स्वच्छ फोटो!" परीक्षक मोर म्हणाला. जो भेटेल तो विचारी, "कॅमेरा कोणता?" कारवी कुठे फुलली होती, हे एकानेही विचारलं नाही.

धुंडिराज गळ्यात हार घालूनच घरी आला. आईने फोटो जवळ धरला, लांब धरला.

"फुलं छान आलीत. माश्या कुठं आहेत?"

"त्या... पुसल्या, आई."

आईने फोटो हुंगला. "वासही पुसलास होय रे?"

धुंडिराजाला रडूच कोसळलं. तो तसाच हारासकट डोंगरावर धावला. कारवी वाळून गेली होती. एक माशी दिसेना. त्याने डावा कडा हुंगला, उजवा कडा हुंगला आणि हात हलवत परत आला.

घरी शेजारची साळिंदर आली होती. आईने फोटो भिंतीवर टांगला होता.

"माझ्या लेकाने काढलाय," ती सांगत होती. "पहिला नंबर आला."

"अगं बाई! कॅमेरा कोणता?"

आईने नाव सांगितलं. मॉडेलसकट, अगदी बरोबर. मधाचं ती काही बोलली नाही.

तात्पर्य: बाळांनो, नवं मॉडेल कुणासाठी थांबत नाही. आई थांबते. म्हणून आधी मॉडेलचं बघावं.