सहाशे गिऱ्हाइकं आणि एक ओळ

ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीला डेटाबेस शिकवता शिकवता जावई वाक्याच्या मध्येच अडला, तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑफिसात त्याला कुणी जावई म्हणत नसे, पण या गोष्टीत त्याचं तेच पद कामाचं असल्यामुळे आपणही तेच धरून चालू. तोवर त्याची गाडी छान चालली होती. हा डेटाबेस किती गुणी आहे, वेगळा सर्व्हर नको, पासवर्ड नको, आपल्याच प्रोग्रॅममध्ये राहतो आणि सगळी माहिती एका फाइलीत ठेवतो, हे तो हातवारे करून सांगत होता.

मुलीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "सर, या पहिल्या उदाहरणात फाइलीच्या नावाच्या जागी मेमरी असं लिहिलंय. मग फाइल कुठे तयार होते?"

"कुठेच नाही. ते नुसतं हात बसवण्यापुरतं असतं. प्रोग्रॅम चालू आहे तोवर माहिती मेमरीत राहते, बंद केला की गेली. म्हणून खऱ्या कामाला घेताना तिथे फाइलीचं नाव घालायचं. ही ओळ बदलायला विसरणारे महाभाग असतात, मी सांगतो तुला..."

आणि त्याला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने सासूबाईंच्या शिवणाच्या दुकानासाठी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हौसेने, मापं ठेवायचा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. सुरुवात याच पहिल्या उदाहरणावरून केली होती. त्याने लॅपटॉप उघडून ती ओळ शोधली. ओळ जशीच्या तशी होती.

सासूबाईंच्या दुकानात तीस वर्षांच्या मापांच्या चार जाडजूड वह्या होत्या. सहाशे गिऱ्हाइकं. नुसती छाती, कंबर, बाही नव्हे, तर 'डावा खांदा उतरता', 'पोट आत ओढून माप देतात, दोन इंच जास्त धरणे' अशी शहाणपणाची टिपणंसुद्धा. ते सगळं त्या एका बोटाने टाइप करत होत्या. जावई रोज फोन करून विचारायचा, "आई, अजून वहीच वापरता की काय?" परवा त्या म्हणाल्या होत्या, "छे, झालं सगळं भरून. वह्यांची पानं कापून कॉलर बेतायचे फर्मे केले." तेव्हा त्याला धन्य वाटलं होतं.

म्हणजे तीस वर्षांची मापं आजमितीला जगात एकाच ठिकाणी होती: दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मेमरीत. कुणी प्रोग्रॅम बंद केला, कुणाचा पाय वायरीत अडकला, वीज गेली, की तीस वर्षं साफ. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की "प्रोग्रॅम कधीच बंद करायचा नाही, फक्त स्क्रीनचं बटण दाबायचं" असं त्यानेच रुबाबात बजावून ठेवलं होतं.

त्याने दुकानात फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. निवृत्तीनंतर ते दुकानात काजं-बटणं आणि इस्त्री बघत.

"बाबा, कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"आहे की. का हो?"

"काही नाही, सहज. फक्त त्याला कुणी हात लावू नका."

सासरे जपून राहणारे गृहस्थ. "हात लावायचा नाही म्हणजे? शॉक बसतो का?"

"नाही, नाही. शॉक नाही."

"आम्ही घाबरू नये म्हणून तुम्ही असं म्हणताय. थांबा, मी मेन स्विच पाडतो."

"बाबा, मेन स्विच नको." जावई खुर्चीतून उठून उभा राहिला. "काहीच पाडू नका. तुम्ही फक्त बसून राहा."

"बसतो. पण लाकडी स्टुलावर बसतो." फोन ठेवला गेला.

आता दुकानात जाणं भागच होतं. साहेबांना खरं सांगायचं म्हणजे डेटाबेसच्या पहिल्याच धड्यात आपण नापास झालो हे सांगणं आलं. त्यापेक्षा "सासूबाईंची तब्येत अचानक बिघडली" हे बरं वाटलं. साहेब माणूस मायाळू निघाला. जावई रिक्षात बसतो न बसतो तोच बायकोचा फोन आला.

"आईला काय झालंय? तुझ्या साहेबांनी मला फोन केला, अॅम्ब्युलन्स पाठवू का म्हणाले."

"आईला काही झालेलं नाही."

"मग बाबा फोनवर का सांगतायत की त्यांना जागचं हलायची मनाई आहे?"

"सगळं सांगतो. तू दुकानात फोन करू नकोस, फोन कॉम्प्युटरशेजारीच आहे, उचलताना कुणाचा धक्का लागेल."

"म्हणजे आईला धक्का बसलाय?"

"तू ये दुकानात," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुकानात पोहोचला तेव्हा सासरे खरंच लाकडी स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. गार पडलेली इस्त्री हातात होती. कॉम्प्युटर चालू होता. जावयाला त्या जुन्या डब्याला मिठी मारावीशी वाटली. प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या सोयीसाठी त्याने हुकूम टाइप करायची एक चौकट ठेवली होती. त्यात एक ओळ लिहिली, की मेमरीतलं सगळं फाइलीत उतरणार होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. फक्त कॉम्प्युटरसमोर सासूबाई बसल्या होत्या आणि त्या उठेनात.

"आधी पाणी घ्या," त्या म्हणाल्या.

"नको आई. मी जरा बसू का तिथे?"

"चहा टाकते."

"चहा नको. एकच मिनिट लागेल."

"उन्हातून आलात. जरा टेका. कॉम्प्युटर कुठे पळून जातोय?" बोलता बोलता त्यांनी पदराने स्क्रीन पुसल्यासारखी केली आणि पदर तिथेच राहू दिला.

शेवटी त्या उठल्या, तेव्हा जावयाने घाईघाईने एकूण गिऱ्हाइकं किती ते पाहिलं. आकडा आला एक्केचाळीस. त्याने पुन्हा पाहिलं. एक्केचाळीसच. सहाशेतले एक्केचाळीस उरले होते आणि वह्यांच्या कॉलरी झाल्या होत्या.

"माझं चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून तो कोपऱ्यातला फुलीचा चौकोन दाबला गेला आणि सगळं पुसलं गेलं. नव्वद जणं भरली होती. पुन्हा बसले. मग एकदा वीज गेली. मग यांनी इस्त्रीसाठी प्लग काढला. आता ही चौथी वेळ. तुम्ही एवढ्या हौसेनं केलेलं, मी मोडून ठेवलं. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"आणि वह्या?" जावयाने विचारलं.

सासूबाईंनी मशीनखालचा खण ओढला. चारही वह्या धडधाकट होत्या. "वह्या कोण कापेल हो? तुम्ही रोज विचारायचात, म्हणून आपलं तुमचं मन राखायला म्हटलं."

जावयाने वरची वही उघडून पाहिली. त्याला रडावंसं वाटलं आणि हसावंसंही वाटलं. या बाईने चार वेळा खांदे, बाह्या, उतरते खांदे एका बोटाने टाइप केले होते, आणि प्रत्येक वेळी दोष स्वतःच्या बोटाला दिला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. गप्प राहिलं असतं तर त्याची अब्रू शाबूत राहणार होती. पण त्याच्याने राहवलं नाही.

"आई, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मी एक ओळ बदलायला विसरलो."

"ऐकलंत?" सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "किती मोठं मन."

"मोठं मन नाही. खरंच माझी चूक."

"असं बोलू नका," सासरे स्टुलावरून म्हणाले. "तुम्ही इंजिनिअर माणूस. आमच्यासाठी कमीपणा घेऊ नका."

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. आईला धडधाकट पाहून आधी तिने खुर्ची पकडली, मग नवऱ्याला पकडलं. "काय चाललंय?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "माझी चूक स्वतःवर घेतायत."

"हिला तरी पटेल," असं म्हणत जावयाने प्रोग्रॅमचा मजकूर उघडला. ती ओळ बायकोला दाखवली, मेमरी खोडली आणि तिथे फाइलीचं नाव घातलं. "बघ. हे आधीच करायला हवं होतं. आता प्रोग्रॅम शंभरदा बंद करा, काही जाणार नाही. आई, बघा तुम्हीही."

आणि सगळ्यांदेखत, मोठ्या विश्वासाने, त्याने कोपऱ्यातला फुलीचा चौकोन दाबला.

प्रोग्रॅम बंद झाला आणि पुन्हा उघडला. नवी कोरी फाइल तयार झाली होती. एकूण गिऱ्हाइकं: शून्य. चालू प्रोग्रॅममधली ती एक्केचाळीस माणसं आधी फाइलीत उतरवायची राहून गेली होती.

जावई फुलीवर बाण तसाच ठेवून बघत राहिला. मग त्याच्या खांद्यावर सासूबाईंचा हात आला. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मलाही असंच वाटलं होतं. सवय होते." त्यांनी दुसरं स्टूल त्याच्या शेजारी ओढलं, चष्मा लावला आणि पहिली वही मांडीवर घेतली. "घ्या लिहायला. खांदा साडेपंधरा."